अण्णाभाऊ : फडावरचे आणि पडद्यावरचे

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावच्या जत्रेला टुरिंग टॉकीज आली होती. गाव अहमदपूर आणि कंधार यांच्या मधले. आज त्याच्या एका अंगाला लातूर जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला नांदेड जिल्हा आहे. त्या वेळी लातूर हा जिल्हाच नव्हता, तो १९८२ साली झाला. माणसे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत आणि रात्री तंबूत येऊन बसत. सिनेमाची दवंडी द्यायला टॉकीजवाल्याने माझ्या वडिलांना लावले होते. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टर बांधलेले, पुढे हलगी वाजवीत वडील, मागे आम्ही पोरे. मजुरी दिवसाला दीड रुपया आणि रात्रीचे दोन पास.

सिनेमा होता ‘वारणेचा वाघ’. आमची जागा पडद्याच्या अगदी पुढे, मातीत. पडद्यावर नावे येऊ लागली तेव्हा वडिलांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, कारण मांगवाड्यात वाचता येणारा मी एकटाच होतो. मी वाचले : अण्णाभाऊ साठे. वडिलांनी विचारले, “कोण रे हे?” मला ठाऊक नव्हते. शेजारच्या एका जाणत्या माणसाने सांगितले, “साठे म्हणजे पुण्याचे कोणी बामण असतील.” वडिलांनी मान डोलावली. लिहिणारा माणूस बामण असतो, यात त्यांना शंका घेण्यासारखे काहीच नव्हते.

ज्या माणसाच्या कथेची दवंडी माझे वडील चार दिवस हलगीवर देत होते, तो माणूस आमच्याच जातीत, मांगवाड्यात जन्मला होता, हे त्यांना कुणी सांगितले नाही. मला ते कळायला आणखी सात वर्षे लागली. या लेखात मी जे मांडणार आहे त्याचे मूळ त्या रात्रीत आहे. अण्णाभाऊंना आपण लोकशाहीर म्हणतो, कादंबरीकार म्हणतो. पण ते आयुष्यभर रंगभूमीचे माणूस होते आणि चित्रपटाला कथा पुरवणारे लेखक होते. या दोन व्यवसायांत त्यांच्या शब्दांचे काय झाले, याचा आपण फारसा विचार केलेला नाही. तो केला पाहिजे.

अक्षरे कुठून आली

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. मूळ नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. मास्तरांच्या माराने शाळा सुटली ती कायमची. पुढे वडिलांबरोबर हे कुटुंब पायी चालत मुंबईला गेले. मुंबईत हमाली, फेरीवाल्याचे काम, गिरणीतले काम, मिळेल ते त्यांनी केले. चरित्रकार सांगतात की, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमांची पोस्टरे वाचून ते अक्षरे शिकले. सिनेमाचे त्यांना वेड होते.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि पुढे जातो. पण तिचा अर्थ पाहा. ज्या समाजाला शाळेच्या पडवीत बसवले जात होते, त्या समाजातल्या पोराला बाजाराने आपल्या गरजेसाठी रस्त्यावर लावलेली अक्षरे मिळाली. पोस्टर वाचायला जात विचारत नाहीत. पोस्टरावर मात्र कोणाचे नाव लागते, हा प्रश्न पुढे येणारच होता.

दुसरी शाळा तमाशाची. गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात अण्णाभाऊ काम करू लागले. ढोलकी, तुणतुणे, हलगी, पाठांतर, हजरजबाब हे सगळे ते तिथे शिकले. प्रेक्षक केव्हा कंटाळतो आणि केव्हा पुढे सरकून बसतो, हेही फडावरच कळते. पुढे मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये ते कम्युनिस्ट पक्षाच्या कामात आले आणि या दोन शाळांतले शिक्षण एका कामाला लागले.

वगाचे लोकनाट्य कसे झाले

१९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. यातले अमर शेख बार्शीचे. लातूरला येणारी लहान रुळांची आगगाडी ज्या बार्शीची म्हणून ओळखली जात होती, तीच ही बार्शी. या पथकासाठी अण्णाभाऊंनी ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘मूक मिरवणूक’, ‘माझी मुंबई’ अशी डझनाहून अधिक लोकनाट्ये लिहिली. ‘इनामदार’ हे त्यांचे नाटक वेगळे. १९४९ साली इप्टाच्या अलाहाबाद अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते.

त्यांनी नेमके काय केले, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. जुन्या तमाशाचा एक क्रम असतो. आधी गण, त्यात गणपतीचे स्तवन. मग गौळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि दुधा-दह्याचे माठ. मग बतावणी आणि शेवटी वग. वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई. अण्णाभाऊंनी हा सांगाडा मोडून टाकला नाही. त्याच्या आतला ऐवज बदलला. गणात देवाच्या जागी मायभूमीला, राबणाऱ्या माणसाला आणि लढ्यात मेलेल्यांना वंदन आले. गौळण जवळजवळ गळाली. वगातला राजा उतरला आणि त्याच्या जागी शेटजी, सावकार, पुढारी, मंत्री आले. शिपायाची फिरकी घेणारा सोंगाड्या होता, तो आता मालकाची फिरकी घेऊ लागला.

हे करताना त्यांना थिएटर लागत नव्हते. पडदा नको, नेपथ्य नको. चाळीचा चौक, गिरणीचे दार, एखादे मैदान, चार वाद्ये आणि सहा-सात माणसे एवढ्यात खेळ उभा राहत होता. म्हणूनच सरकारला त्याची भीती वाटली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी आली. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदीचा बडगा उगारला गेला. तेव्हा तमाशा हा शब्द बाजूला ठेवून लोकनाट्य या नावाने खेळ होऊ लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मुंबई’ने मुंबई कोणाची, हा प्रश्न कामगाराच्या तोंडून विचारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फडावर लेखक समोर असतो. अण्णाभाऊ लिहीत, बसवीत आणि स्वतः उभे राहून गातही. शब्द चुकला तर ते जागीच दुरुस्त करीत. कालचा खेळ आज बदलता येत असे. लेखकाचा आणि त्याच्या शब्दांचा संबंध तुटत नव्हता. लोकांनाही ठाऊक असे की, हा जो समोर उभा आहे त्यानेच हे लिहिले आहे, आणि हा आपला आहे.

आमच्या मराठवाड्याला मात्र हे सुख मिळाले नाही. ‘अकलेची गोष्ट’ मुंबईत गाजत होती तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही त्यातून सुटलो, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो. तोपर्यंत कलापथकाचा भर ओसरला होता. त्यामुळे फडावरचे अण्णाभाऊ आमच्या वस्त्यांनी पाहिले नाहीत. आम्हाला ते भेटले पडद्यावर.

पडद्यावर काय उरले

अण्णाभाऊंच्या सात कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ‘वैजयंता’ १९६१ साली आला. तमाशात नाचणाऱ्या स्त्रीचे दुःख सांगणारी ती कथा गजानन जागीरदारांनी पडद्यावर आणली. १९६३ साली ‘फकिरा’. मग १९६९ या एका वर्षात तीन चित्रपट आले. ‘वारणेचा वाघ’ १९७० चा आणि ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ १९७४ चा.

आता या चित्रपटांची नावे कादंबऱ्यांच्या नावांशेजारी ठेवून पाहा. ‘आवडी’चा चित्रपट झाला ‘टिळा लाविते मी रक्ताचा’. ‘माकडीचा माळ’ची झाली ‘डोंगरची मैना’. ‘चिखलातील कमळ’ची ‘मुरली मल्हारीरायाची’. ‘अलगुज’ची ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’. सातांपैकी चार नावे बदलली.

नाव बदलणे ही धंद्याची रीत आहे, तिचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. मी माझ्या विद्यार्थ्यांना ही नावे फळ्यावर लिहून विचारतो की, काय बदलले ते सांगा. एका मुलीने एकदा नेमके उत्तर दिले. ती म्हणाली, “सर, ‘माकडीचा माळ’ म्हणजे जागा आहे. भटकी माणसं जिथं पालं टाकतात ती जागा. ‘डोंगरची मैना’ म्हणजे नुसती बाई.” मला याहून अधिक चांगले सांगता येणार नाही. माळ गेला की माळावर उतरलेली, गावाने आत न घेतलेली माणसे दुय्यम होतात. ‘चिखलातील कमळ’ या नावात चिखल आहे. देवाला पोरी सोडण्याच्या रूढीला तो शब्द चिखल म्हणतो. ‘मुरली मल्हारीरायाची’ या नावात चिखल उरत नाही, भंडारा उरतो. लेखक ज्या रूढीवर बोट ठेवतो, तीच रूढी नव्या नावात शोभेची होते.

मी चित्रपटांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. त्या तंबूत बसलेल्या माझ्या वडिलांना कादंबरी वाचता येत नव्हती. पडदा नसता तर अण्णाभाऊंची एकही कथा त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती. गावच्या जुलमाविरुद्ध उभा राहिलेला माणूस पाहून मांगवाडा त्या रात्री झोपला नाही, हे मी पाहिले आहे. पण फड आणि पडदा यांच्यातला फरक भांडवलाचा आहे. लोकनाट्याला ढोलकी पुरते. चित्रपटाला कॅमेरा, स्टुडिओ, वितरक, थिएटर लागते आणि ही साधने ज्याच्या हाती, त्याची नजर शेवटी चालते. दलित लेखक तिथे कच्चा माल पुरवणारा ठरतो. कापूस आमच्या मराठवाड्यात पिकतो, कापड दुसरीकडे विणले जाते, तसे हे झाले.

ज्या १९६९ साली तीन चित्रपटांच्या पोस्टरांवर त्यांच्या कथा झळकल्या, त्याच साली १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांनी दोन तपांजवळ काळ काढला होता. शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात एक घर मिळाले, तिथे हलाखीत त्यांचा अंत झाला. वय अवघे ४८.

शिकागोची एक लेखिका

दहावीनंतर मी लातूरला शिकायला आलो. त्या दिवसांत लातूरला डॉ. जनार्दन वाघमारे होते. त्यांच्या ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने मराठवाड्यातल्या आमच्या पिढीला एक दार उघडून दिले. समुद्रापलीकडेही आपल्यासारखी माणसे आहेत आणि त्यांनी आपल्या दुःखाचे साहित्य केले आहे, हे आम्हाला कळले. त्याच दाराने पुढे मी लॉरेन हॅन्सबेरी या नाटककर्तीपर्यंत गेलो.

हॅन्सबेरी १९३० साली शिकागोत जन्मली. तिचे वडील कार्ल यांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोही तांत्रिक मुद्द्यावर. घर घेण्याच्या याच प्रश्नावर तिने ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक लिहिले. ११ मार्च १९५९ रोजी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. काळ्या स्त्रीने लिहिलेले ब्रॉडवेवरचे ते पहिले नाटक. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हाही काळाच. ज्याला गावाबाहेर घर आहे आणि शहरात खोली मागताना जात सांगावी लागते, त्याला हे नाटक समजावून सांगावे लागत नाही.

१९६१ साली, म्हणजे ‘वैजयंता’ आला त्याच साली, या नाटकाचा चित्रपट झाला. हॅन्सबेरीने पटकथा स्वतः लिहिली. नाटक एका खोलीत घडते. पटकथेत तिने कुटुंबाला बाहेर काढले. काळ्यांच्या वस्तीतल्या दुकानात महाग दराने विकला जाणारा निकृष्ट माल, गोऱ्या मालकिणीच्या घरातले काम, रस्त्यावरचा काळा वक्ता असे प्रसंग तिने लिहिले. चित्रपट कंपनीने यातले बरेचसे कापले. चित्रपट निघाला तो पुन्हा बहुतांशी त्या खोलीतच. १२ जानेवारी १९६५ रोजी, ३४ व्या वर्षी, कर्करोगाने ती गेली. तिची न कापलेली पटकथा पुस्तकरूपाने आली १९९२ साली.

अण्णाभाऊंची आणि तिची परिस्थिती एक नाही. ती शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरातली. हे दीड दिवस शाळेत गेलेले. पण पडद्यापाशी दोघांची गत एकच झाली. काळ्या माणसाचे घरातले दुःख चालते, त्याच्या दुःखाचा बाजारभाव दाखवलेला चालत नाही. दलित स्त्रीचे नाचणे चालते, तिला नाचवणारी रूढी उघडी केलेली चालत नाही.

पण पुढे एक फरक पडला, तो महत्त्वाचा आहे. हॅन्सबेरीच्या लोकांनी तिचे कापलेले पान जपून ठेवले, छापले, नाटक पुन्हा पुन्हा केले. आपण काय केले?

आपण काय केले

नांदेडला अण्णाभाऊंच्या नावाचा चौक आहे, लातूरलाही आहे. २००२ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. १ ऑगस्टला मिरवणुका निघतात. हे सगळे व्हायला पाहिजेच होते. पण मी शिक्षक म्हणून विचारतो, नांदेड-लातूरच्या किती तरुणांनी अण्णाभाऊंचे एक लोकनाट्य उभे केलेले पाहिले आहे?

आणखी एक दुखरी गोष्ट बोलली पाहिजे. आपण जयंत्या वाटून घेतल्या आहेत. १४ एप्रिल यांची, १ ऑगस्ट त्यांची. ज्यांनी २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, ज्यांनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्या माणसाला एका जातीच्या चौकटीत बसवणे हा कृतघ्नपणा आहे. याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मातंग होते. ऑगस्ट १९७८ मध्ये नामांतराच्या दंगलीत त्यांचा बळी गेला, तो बाबासाहेबांचे नाव सोडले नाही म्हणून. त्यांनी वाटणी केली नव्हती.

नांदेडला नाटकाची परंपरा नाही असेही नाही. दत्ता भगतांनी इथेच राहून लिहिले. त्यांच्या ‘वाटा-पळवाटा’त आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या एकमेकींशी वाद घालतात. वाद घालण्याची ही जागा रंगमंच देतो, मिरवणूक देत नाही.

जन्मशताब्दीच्या वर्षी नांदेडच्या एका वस्तीत जयंती समितीच्या पोरांना मी म्हटले, या वेळी ‘शेटजींचे इलेक्शन’ करू. पोरे म्हणाली, “सर, नाटक कोण बघतंय? डीजे नसला तर माणसंच येत नाहीत.” पुष्कळ वाद झाला. शेवटी डीजेही राहिला आणि मिरवणूक संपल्यावर नाटकाला दीड तास मिळाला. तालमीत पहिली अडचण आली ती वाद्यांची. ढोलकी मिळाली, तुणतुणे मिळाले नाही. हलगी मी गावाकडून आणली. वडील गेल्यापासून ती भिंतीवरच होती, कातडे सैल पडलेले. एका पोराने ती जाळावर शेकून घेतली तेव्हा आवाज निघाला.

खेळ काही फार सफाईदार झाला नाही. दोघे संवाद विसरले. पण शेटजी मते मागायला हात जोडून आला तेव्हा मागून एक बाई ओरडली, “आधी नळाचं बोल!” पोरे गडबडली. शेटजी झालेल्या पोराने मात्र प्रसंग सांभाळला. तो म्हणाला, “मावशी, निवडून आल्यावर नळ तुमच्याच दारात.” सगळी वस्ती हसली. सत्तरेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या खेळात आजच्या नळाला जागा मिळाली. कारण तो फडाचा खेळ आहे. त्यात अशी जागा ठेवलेलीच असते. पडद्यावर बोललेल्याला असे उत्तर देता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, दरवर्षी १ ऑगस्टला एक लोकनाट्य आणि १४ एप्रिललाही एक, दोन्ही वस्त्यांतल्या पोरांनी मिळून करावे. विद्यार्थ्यांनी ‘माकडीचा माळ’ आणि ‘चिखलातील कमळ’ मूळ नावानेच वाचावीत आणि मग चित्रपट पाहून, काय गळाले त्याची यादी करावी. ज्यांच्या हाती आज कॅमेरा आला आहे त्यांनी तर हे पहिल्यांदा करावे. आणि शिक्षकांनी अण्णाभाऊ शिकवताना त्यांच्या दारिद्र्याचे दोन उतारे सांगून थांबू नये. गण कसा बदलला आणि राजाच्या जागी शेटजी कसा बसला, हे फळ्यावर मांडून दाखवावे.

त्या रात्री तंबूत वडिलांनी विचारले होते, “कोण रे हे?” त्यांना उत्तर द्यायला मी उशीर केला. आज माझ्या वर्गात पुढे बसलेल्या पोरांना तेवढा उशीर होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.